पार्श्वभूमी : ए.सी. पाइप, प्लंबर आणि १९९५चा निकाल

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर पावसाचं पाणी उतरवणारा करडा ‘सिमेंटचा पाइप’ बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा, म्हणजे ए.सी. पाइप असतो. अखंड असताना त्याचा धोका कमी. पण माप जुळवायला प्लंबर तो हॅक्सॉने कापतो, कड कानशीने घासतो, वर साचलेली भुकटी फुंकून टाकतो, आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू थेट छातीत जातात. बिडाच्या आडव्या पाइपच्या सांध्यात वितळलेलं शिसं ओतताना ते बाहेर येऊ नये म्हणून गुंडाळायची दोरीही अ‍ॅस्बेस्टॉसचीच असे.

ब्रिटनने निळ्या आणि तपकिरी प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर १९८५मध्ये, पांढऱ्यावर १९९९मध्ये बंदी घातली. तिथल्या २००९च्या एका अभ्यासानुसार, १९४०च्या दशकात जन्मलेल्या आणि तिशीच्या आत दहा वर्षांहून जास्त काम केलेल्या प्लंबर, इलेक्ट्रिशियन व रंगाऱ्यांत मेसोथेलिओमाचा (अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा, मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) आयुष्यभराचा धोका ५० जणांत एक इतका होता. ‘तिथे तपकिरी जास्त वापरला, आपला पांढरा’ असं उद्योग म्हणतो. मात्र कर्करोगकारकांच्या यादीत पांढराही पहिल्याच, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्या गटात आहे.

भारतात सगळा भर १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर राहिला. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांसाठी केलेल्या याचिकेवर न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपायची. आजार सिद्ध झाल्यास एक लाख रुपये भरपाई द्यायची, असे आदेश निघाले. निकाल मोठाच होता. पण ही नोंद ठेवायची मालकाने, आणि ठेक्यावर आज या सोसायटीत, उद्या त्या बंगल्यात काम करणाऱ्या प्लंबरचा मालक कोण? छोट्या कारखान्यांना कायद्याखाली आणण्याचा विचार करा, असंही न्यायालयाने सांगितलं. तेही अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्यांपुरतंच. बनलेला माल कापणारा, बसवणारा, फोडणारा त्यात आलाच नाही. आजार उमटायला वीस ते चाळीस वर्षं लागतात, त्यामुळे ही उणीव लगेच कुणाच्या लक्षातही आली नाही. पुढच्याच वर्षीचा बांधकाम कामगारांचा कायदा दुरुस्तीचं कामही धरत होता, पण दहा किंवा अधिक कामगार असतील तिथेच. मिस्त्री आणि एक हेल्पर यांना तो लागत नव्हता.

संपूर्ण बंदीची मागणी २०११मध्ये न्यायालयाने फेटाळली. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसला धोकादायक रसायनांच्या आंतरराष्ट्रीय यादीत घालण्याला भारताने त्याच वर्षी पाठिंबा दिला आणि २०१३मध्ये पुन्हा विरोध केला. देशातल्या खाणकामाला केव्हाच लगाम बसला होता, आयात मात्र चालू राहिली.

आता पीव्हीसीमुळे नवे ए.सी. पाइप फारसे बसत नाहीत. पुनर्विकासात आणि सोसायट्यांच्या पाइप बदलण्याच्या कामांत जुने उतरतात. तेही छन्नी-हातोड्याने फोडून, कोरडेच. फोडण्याआधी पाणी मारून ओले केले, तुकडे जाड पिशवीत बांधले आणि चांगला मास्क दिला, तर धूळ पुष्कळ कमी होते. हा खर्च सोसायटीच्या कंत्राटात वेगळा लिहिलेला क्वचितच दिसतो.