काळी भिंत बिघडलेली, की पांढरी?

जुन्या शहरातली एखादी चुनखडीची किंवा संगमरवरी वास्तू निरखून पाहिली, तर तिचा रंग सगळीकडे सारखा नसतो. छज्जाखाली, कोनाड्यात, पुतळ्याच्या हनुवटीखाली काळी पुटं चढलेली असतात. जिथे पावसाचा थेट मारा बसतो, तो भाग मात्र पांढरास्वच्छ. साहजिकच वाटतं की काळा भाग बिघडला आणि पांढरा टिकला. खरं तर झीज दोन्हीकडे चालू असते, आणि पांढऱ्या भागातून तर दगडच धुऊन चाललेला असतो.

चुनखडी आणि संगमरवर हे दोन्ही दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. कोळसा जळताना त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि ते दगडाच्या पृष्ठभागाचं जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं खनिज, करून टाकतं. जिप्सम मूळ दगडापेक्षा पाण्यात कितीतरी सहज विरघळतं. पावसात ते निघून जातं, खालचा कोरा दगड उघडा पडतो आणि आम्लाला नवा घास मिळतो. आडोशाला पाणी पोचत नाही. तिथे जिप्समचे स्फटिक वाढत राहतात, त्यांच्यात काजळी अडकते आणि कठीण काळं कवच तयार होतं. पुढे कधीतरी हे कवच फुगतं आणि दगडाचा थर सोबत घेऊनच सुटतं. बेसॉल्टला किंवा ग्रॅनाइटला हा धोका बराच कमी, पण त्यांच्या सांध्यांमधला चुना यातून सुटत नाही.

ही झीज मोजता येते का? लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलवर ती मोजली गेली, आणि मला ही सगळी कहाणी फार मोलाची वाटते. ख्रिस्तोफर रेन यांनी रचलेली ही वास्तू १६७५ ते १७१० या काळात पोर्टलंडच्या चुनखडीत उभी राहिली. वरच्या कठड्याचे दगड उचलून बसवण्यासाठी त्यांना भोकं पाडली होती. ती नंतर शिसं ओतून दगडाच्या पातळीला बुजवली गेली. आज ही शिशाची बुचं दगडाच्या वर डोकावताना दिसतात. शिसं जिथल्या तिथे आहे, भोवतीचा दगडच खाली गेला आहे. अडीच शतकांत ही झीज काही ठिकाणी दोन सेंटिमीटरच्या आसपास भरली.

१९८० पासून तिथे आणखी नेमकी मोजणी सुरू झाली. दगडात पक्क्या बसवलेल्या खुंट्यांवर उपकरण टेकवायचं आणि पृष्ठभाग किती खाली गेला ते पाहायचं. १९८०च्या दशकात झीज वर्षाला सुमारे ०.०४५ मिलिमीटर होती, पुढच्या दशकात ती सुमारे ०.०२५ वर आली. दरम्यान शहराच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड झपाट्याने घटला होता. थेम्सच्या पलीकडच्या काठावरचं, कॅथेड्रलच्या अगदी समोरचं बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद झालं. हवा सुधारली की दगड काही वर्षांतच तसा प्रतिसाद देतो, हे इथे आकड्यांत दिसतं.

सगळा दोष हवेचा नसतो, दुरुस्तीही वास्तूला मारते. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरात मूळ बांधणाऱ्यांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी पट्ट्यांनी जोडले, पण त्या पट्ट्यांभोवती शिसं ओतून त्या सीलबंद केल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत शिशाविना उघडं लोखंड वापरलं गेलं. गंजलेलं लोखंड मूळ आकारमानापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे आतून दाब येऊन संगमरवर तडकला. गेली काही दशकं ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्याचं किचकट काम चालू आहे. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणं हीदेखील याच जातीची चूक. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती अडवतं. मग ओलीसोबतचे क्षार दगडातच स्फटिक बनून त्याचा भुगा करतात. दुर्दैवाने हे आजही सर्रास चालतं.

मग काळं कवच काढावं का? वाळूचा जोरदार फवारा तर कधीच मारू नये, त्यात कवचाबरोबर कोरीवकामही जातं. अथेन्सच्याच अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या एरेक्थिऑन मंदिरातल्या पाच कॅरिएटिड म्हणजे स्तंभरूपी स्त्रीमूर्ती १९७९ मध्ये संग्रहालयात हलवल्या गेल्या आणि पुढे लेसरने साफ झाल्या. काळा थर लेसरची ऊर्जा शोषतो आणि उडून जातो, फिकट संगमरवर ती बरीचशी परावर्तित करतो. मात्र नुसतं अवरक्त लेसर वापरलं तर दगड पिवळसर दिसू लागतो. म्हणून तिथल्या तंत्रज्ञांनी अवरक्त आणि अतिनील, असे दोन्ही किरण एकाच वेळी वापरले.