खारी हवा आणि लोखंडी पाइपचं अर्थिंग

कोकणपट्टीतल्या चिऱ्याच्या जुन्या घरांत अजूनही भिंतीवरून काळे लोखंडी पाइप गेलेले दिसतात. आत वायरी, मध्ये मध्ये लोखंडी बॉक्स. काही ठिकाणी अर्थिंगची वेगळी वायरच नसते. पाइप लोखंडाचा आहे, तोच अर्थिंग करील, असा हिशेब. तो अगदीच खुळा नाही. सलग पाइपचा रोध खरंच फार कमी असतो. गोची असते ती जोडांत.

पाइप बॉक्समध्ये शिरतो तिथे तो चेकनटने, म्हणजे आट्यावर फिरवून घट्ट करायच्या चपट्या नटने, आवळलेला असतो. पत्र्यावरचा रंग खरवडलेला नसेल तर चेकनट रंगावरच बसतो आणि रंगातून वीज जात नाही. त्यात समुद्राची हवा. मिठाचे कण ओल धरून ठेवतात, जस्ताचा मुलामा असेल तर आधी तो खातात, मग लोखंड. गंजातून वीज जवळपास वाहत नाही, शिवाय तो लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. वरून घट्ट दिसणारा जोड आतून कधीच सुटलेला असतो.

आता पाइपच्या धारेवर फेजची वायर घासली आणि बॉक्सला लागली, असं समजा. दाब 230 व्होल्ट. परतीच्या वाटेचा एकूण रोध 1 ओहम असेल तर 230 अँपिअर वाहतील आणि 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप वीज तोडणारा स्विच) तत्क्षणी पडेल. पण गंजलेल्या जोडात 20 ओहम असतील तर? जेमतेम 11 अँपिअर. एमसीबीला वाटतं, कुणीतरी गीझर लावलाय. तो पडत नाही, बॉक्सवर जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट राहतात आणि तो जोड अडीच किलोवॅटच्या आसपास तापतो.

मल्टिमीटरच्या ‘बीप’वर विसंबू नये. तो जेमतेम काही मिलिअँपिअर सोडतो. एखादा आटा टेकला तरी वाजतो. वायरमनकडे लूप टेस्टर, म्हणजे परतीच्या वाटेचा एकूण रोध मोजणारं यंत्र, असेल तर त्याने मोजून घ्यावं.

जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचाच रोध वाढतो. मग पाइप धडधाकट असूनही एमसीबी पडेलच असं नाही. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, हवाच. मात्र पाइपची साखळी पूर्ण तुटली असेल तर गळती सुरू होते ती कुणीतरी बॉक्सला हात लावल्यावर, त्याच्या अंगातून. आरसीसीबी पडतो, पण झटका बसतोच.

माझ्या मते किनाऱ्यावर पाइपच्या भरवशावर राहूच नये. तांब्याची हिरवी वायर आतून ओढून प्रत्येक बॉक्सला स्क्रूने आवळावी. पीव्हीसी पाइप घातला तर गंजाची कटकट मिटते, पण मधला लोखंडी बॉक्स तसाच ठेवला तर तो पार अधांतरी राहतो; त्याला ही वायर जास्तच हवी.