६५ डॉलरची एम.डी.

ऑस्टिओपॅथ म्हटलं की आपल्याकडे पाठ-मान मोकळी करून देणारा कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतला डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथीची वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर, तसा नव्हे. चार वर्षांचं मेडिकल कॉलेज, मग रेसिडेन्सी म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, औषधं आणि शस्त्रक्रिया या दोन्हींचा पूर्ण परवाना; वर हाताने करायच्या उपचारांचं जादा शिक्षण. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले डॉक्टर शॉन कॉन्ली आणि बायडन यांचे केविन ओकॉनर, दोघेही डी.ओ. तरी २०२० मध्ये ट्रम्प यांना कोविड झाला तेव्हा कॉन्लींच्या पदवीवरच शंका घेतली गेली.

या शंकेचं मूळ जुनं आहे. डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुलं १८६४ मध्ये मेंदूज्वराने गेली आणि प्रचलित औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यांनी आपली ऑस्टिओपॅथीची पद्धत मांडली, १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला कॉलेज काढलं. सुरुवातीचे दावे फुगवलेले होतेच. वैद्यकीय शिक्षणाची झडती घेणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने ही कॉलेजं झोडपली, ती काही उगाच नाही. पण पुढे कॉलेजं सुधारली, औषधशास्त्र शिकवू लागली, तरी शिक्का पुसला गेला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या लेखी हा ‘पंथ’ होता आणि एम.डी.ने (तिकडे ही नेहमीच्या डॉक्टरची मूळ पदवी, आपल्याकडच्यासारखी पदव्युत्तर नव्हे) डी.ओ.शी व्यावसायिक संबंध ठेवणं अनैतिक.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराने डी.ओ.ना डॉक्टर म्हणून घेतलं नाही. एम.डी. आघाडीवर गेले, मागे राहिलेले पेशंट डी.ओ.कडे वळले आणि बहिष्कृतांचेच दवाखाने भरले. १९५६ मध्ये त्यांना लष्करात घेण्याची मुभा देणारा कायदा झाला, पण तो कागदावरच राहिला. व्हिएतनाममुळे डॉक्टर कमी पडू लागले तेव्हा, १९६६ मध्ये, संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी डी.ओ.ना घेण्याचा आदेश काढला. मतपरिवर्तनापेक्षा गरजच कामी आली, असं माझं मत.

सगळ्यात बोलका प्रसंग कॅलिफोर्नियातला. १९६१ मध्ये तिथल्या एम.डी. आणि डी.ओ. अशा दोन्ही वैद्यकीय संघटनांनी विलीनीकरण ठरवलं. डी.ओ. कॉलेजचं एम.डी. कॉलेज झालं, आणि सुमारे २,००० डी.ओ.नी छोटंसं चर्चासत्र व ६५ डॉलर फी एवढ्यावर एम.डी. पदवी घेतली. काल ज्यांच्याशी बोलणंही अनैतिक, ते आज समव्यावसायिक! मग अडत काय होतं? १९६२ मध्ये मतदारांच्या कौलाने नव्या डी.ओ.ना परवाने देणं बंद झालं. ते १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुरू करायला लावलं. दरम्यान १९६९ मध्ये असोसिएशनने डी.ओ.ना सभासदत्व खुलं केलं होतं, आणि १९७३ मध्ये मिसिसिपीने पूर्ण परवाना दिल्यावर पन्नासही राज्यं झाली.

परवान्याचा प्रश्न मिटला, रेसिडेन्सीचा उरला. २०१५ ते २०२० या काळात दोन्हींच्या रेसिडेन्सी एकाच मान्यतेखाली आल्या. पण डी.ओ. विद्यार्थ्याची परवाना परीक्षा वेगळी, कॉमलेक्स. रेसिडेन्सीचे काही विभाग एम.डी.ची परीक्षा, यूएसएमएलईच, मागतात. म्हणून कितीतरी मुलं दोन्ही परीक्षा देतात, दोन्हींची फी भरतात. यावरच बोट ठेवणारं विधेयक २०२३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात मांडलं गेलं: मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या पैशांवर रेसिडेन्सी चालवणाऱ्या रुग्णालयांनी कॉमलेक्सही ग्राह्य धरावी, आणि किती डी.ओ.नी अर्ज केले, किती घेतले, हे जाहीर करावं.