पंजीयन झालं म्हणजे नोकरीचा नंबर लागला?

‘रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं की नंबर लागतो, पत्र घरी येतं’ हा समज इंदूरच्या आपल्या घरांत कित्येक वर्षं फिरतोय. मुलं वाट पाहतात आणि मग तिकडे फिरकत नाहीत. यात आळस नाही, त्यांना सांगितलंच चुकीचं गेलं.

1959च्या कायद्याने ठरावीक मालकांना रिक्त जागा रोजगार कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं. पण त्याच कायद्याचं कलम 4 म्हणत होतं की, जागा कळवली म्हणून कार्यालयामार्फतच भरती करण्याची सक्ती नाही. मजकूर नेटवर मोफत आहे, स्वतः वाचा. म्हणजे नोंदणीने जागेची माहिती मिळू शकते; निवड वेगळी.

नोंदणीचं कार्डही काढून बघा. माझ्या भाच्याचं देव्हाऱ्याजवळच्या डब्यात जपून ठेवलेलं होतं. नूतनीकरणाची तारीख कधीच उलटली होती.