एक्सपिरियन्स लॉग आणि वर्कफाइल: ट्रेनी अप्रेझरने गल्लत करू नये अशा दोन नोंदी

अमेरिकेत मालमत्तेचं मूल्यांकन शिकणाऱ्या ट्रेनीच्या हातून पहिल्या कामापासून दोन नोंदी तयार होत जातात, एक्सपिरियन्स लॉग आणि वर्कफाइल. दोन्हींत पत्ता तोच, तारीख तीच, सुपरव्हायझरही तोच. त्यामुळे एक नीट ठेवली की दुसरीचं काम भागलं असा समज होतो आणि लायसन्सचा अर्ज राज्याच्या बोर्डापुढे गेला की तो महागात पडतो. लॉग तुमच्याविषयी बोलतो: काय केलं, किती तास केलं, कुणाच्या देखरेखीखाली केलं. वर्कफाइल त्या मालमत्तेच्या किमतीविषयी बोलते: रिपोर्टमधला आकडा कशाच्या जोरावर काढला.

दोन्हींचे नियमही वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. लॉग अप्रेझर क्वालिफिकेशन्स बोर्डाच्या (अप्रेझरच्या म्हणजे मूल्यांकनकाराच्या पात्रतेचे निकष देशभरासाठी ठरवणारं मंडळ) निकषांत येतो, वर्कफाइल यूएसपॅपच्या (मूल्यांकनाच्या व्यावसायिक मानकांची संहिता) रेकॉर्ड कीपिंग रूलमध्ये. लायसन्स मिळालं की लॉगची कटकट संपते (वरच्या दर्जाचं सर्टिफिकेशन घ्यायचं नसेल तर). वर्कफाइल मात्र व्यवसाय चालू असेपर्यंत पाठ सोडत नाही. क्वालिफिकेशन्स बोर्डाचे निकष किमान असतात, राज्य त्याहून जास्त मागू शकतं. म्हणून लॉगचा फॉर्म आपल्या राज्याचाच घ्यावा.

लॉगमध्ये मालमत्तेचा प्रकार, रिपोर्टची तारीख, पत्ता, ट्रेनीने केलेलं काम, सुपरव्हायझरने कितपत तपासलं व देखरेख केली, प्रत्यक्ष लागलेले तास आणि सुपरव्हायझरची सही व सर्टिफिकेट क्रमांक एवढं किमान लागतं. सुपरव्हायझर दोन असतील तर लॉगही दोन. तारखेच्या रकान्यात बरेच जण पाहणीची तारीख टाकतात. तिथे रिपोर्टची तारीख हवी, नाहीतर लॉग आणि रिपोर्ट जुळत नाहीत.

तासांच्या बाबतीत घोटाळा जास्त होतो. पहिल्या दर्जासाठी, म्हणजे लायसन्स्ड रेसिडेन्शियलसाठी, १,००० तास लागतात आणि ते ६ महिन्यांपेक्षा कमी काळात भरलेले चालत नाहीत. सर्टिफाइड रेसिडेन्शियलसाठी १२ महिन्यांत १,५०० आणि सर्टिफाइड जनरलसाठी १८ महिन्यांत ३,०००, त्यातले १,५०० निवासी नसलेल्या मालमत्तांचे. महिन्यांचे हे आकडेही किमानच. ६ महिन्यांत १,००० म्हणजे आठवड्याला साधारण ३८ तास, तेही निव्वळ मूल्यांकनाच्या कामाचे. इतका वेग प्रत्येकाला जमत नाही, मग दर रिपोर्टमागे ठरावीक ८ तास लिहायची सवय लागते. सलग तीस ओळींत तोच आकडा दिसला की तपासणाऱ्याला वेगळं काही शोधावं लागत नाही.

‘घर, पाहणी व रिपोर्ट, ८ तास’ ही ओळ निरुपयोगी आहे. तीच अशी लिहिता येते: ‘एका कुटुंबाचं घर. आतून-बाहेरून पाहणी व मोजमाप १.५, तुलनेसाठी विक्रीचे व्यवहार शोधणं व पडताळणं २.५, ग्रिड व अ‍ॅडजस्टमेंट २, लेखन १.५, एकूण ७.५. सुपरव्हायझर पाहणीला हजर. ग्रिड तपासून दोन अ‍ॅडजस्टमेंट बदलल्या.’ (ग्रिड म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या विक्रीच्या व्यवहारांचा तक्ता, अ‍ॅडजस्टमेंट म्हणजे घरांमधल्या फरकापोटी किमतीत केलेली वाढ किंवा घट.) हे त्याच दिवशी लिहिलं तर पाच मिनिटांचं काम. तीन महिन्यांनी लिहायला बसलात तर तो अंदाजच.

वर्कफाइलचं तसं नाही. रिपोर्ट क्लायंटला जाण्यापूर्वी ती अस्तित्वात असायलाच हवी, मागाहून जुळवलेली चालत नाही. तीत क्लायंटचं नाव, रिपोर्टचे इतर अपेक्षित वापरकर्ते (नावाने किंवा प्रकाराने), पाठवलेल्या प्रत्येक लेखी रिपोर्टची खरी प्रत आणि निष्कर्षांना आधार देणारी सगळी माहिती, किंवा ती कुठे आहे याचा संदर्भ, असं सगळं येतं. खरी प्रत म्हणजे सहीसकट, क्लायंटला गेली तशीच. सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढलेली पीडीएफ तिची जागा घेऊ शकत नाही. दुरुस्ती करून रिपोर्ट दुसऱ्यांदा पाठवला असेल तर दोन्ही प्रती ठेवायच्या.

आणि नुसता रिपोर्ट ठेवला म्हणजे वर्कफाइल झाली, असंही नाही. समजा ग्रिडमध्ये जास्तीच्या एका गाडीच्या गॅरेजसाठी १२,००० डॉलरची अ‍ॅडजस्टमेंट आहे. रिपोर्टमध्ये फक्त आकडा दिसतो. तो कुठून आला हे वर्कफाइलने सांगायचं: त्याच वसाहतीतली, त्याच आराखड्याची दोन घरं, एकाला एका गाडीचं गॅरेज, दुसऱ्याला दोन गाड्यांचं, विक्रीच्या तारखा जवळजवळ, किमतींतला फरक इतका. विक्रेत्याने खरेदीदाराला काही सवलत दिली होती का, हे एजंटला फोनवर विचारलं असेल तर कुणाशी, कधी बोललात आणि काय उत्तर आलं, हेही. एमएलएसवरचं (एजंटांचा विक्रीच्या नोंदींचा सामायिक डेटाबेस) पान पाहिलं त्या दिवशीच जतन करा. लिंक ठेवणं संदर्भ म्हणून चालेल असं वाटतं, पण नोंद बदलली किंवा फोटो काढून टाकले तर ती लिंक कशालाच आधार देत नाही. मोजमापाचा हाताने काढलेला कच्चा आराखडा फेकू नका. नाकारलेले व्यवहार आणि नाकारण्याचं कारण ठेवावं असा आग्रह धरावासा वाटतो. दोन वर्षांनी ‘शेजारचं घर का घेतलं नाही?’ हाच प्रश्न येतो.

आता दोन्ही नोंदी जिथे एकमेकींना भिडतात ती जागा. ट्रेनीने रिपोर्टवर सही केली नाही, पण मूल्यांकनात महत्त्वाची मदत केली, तर रिपोर्टच्या सर्टिफिकेशनमध्ये (अप्रेझरने सही करून दिलेलं निवेदन) त्याचं नाव आणि रिपोर्टमध्ये मदतीचं स्वरूप यायला हवं. लॉगमध्ये ७.५ तास आहेत आणि रिपोर्टमध्ये नावच नाही, असं झालं की तास अडकतात, कारण राज्याचं बोर्ड लॉगमधली काही कामं निवडून त्यांचे रिपोर्ट आणि अनेकदा वर्कफाइलही मागवतं. लॉग म्हणतो ‘ग्रिड व अ‍ॅडजस्टमेंट’ आणि रिपोर्ट म्हणतो ‘पाहणीस मदत’, ही विसंगतीही तितकीच वाईट. रिपोर्टमधलं मदतीचं वाक्य लिहिताना लॉगची ओळ समोर ठेवावी.

ताब्याचा प्रश्न ट्रेनीला सहसा उशिरा सुचतो. लॉग दोघांनी मिळून ठेवायचा असतो. वर्कफाइल मात्र बहुधा सुपरव्हायझरच्या सर्व्हरवर असते. ट्रेनीला आपण काम केलेल्या रिपोर्टच्या प्रती किंवा वर्कफाइल पाहण्याची सोय मिळावी असं निकष सांगतात; ती सोय पहिल्याच आठवड्यात लेखी ठरवून घ्या. गुपचूप सगळं पेनड्राइव्हवर भरून घरी नेऊ नका, क्लायंटच्या माहितीच्या गोपनीयतेचं बंधन तुमच्यावरही आहे. लॉगवरच्या सह्या महिन्याच्या महिन्याला घ्या. सुपरव्हायझरशी बिनसल्यावर चाळीस ओळींवर सही मागणं अवघड जातं.

वर्कफाइल तयार झाल्यापासून किमान ५ वर्षं ठेवावी लागते. त्या कामाबद्दल अप्रेझरने न्यायालयात साक्ष दिली असेल तर प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यापासून किमान २ वर्षं. दोन्हींपैकी जी मुदत उशिरा संपेल ती धरायची. अर्धवेळ काम करणाऱ्या ट्रेनीने हे नीट वाचावं. तास भरायला सहा वर्षं लागली तर पहिल्या वर्षाच्या वर्कफाइल सुपरव्हायझरने नियमाला धरून नष्ट केलेल्या असू शकतात आणि लॉगच्या त्या ओळींना आधार उरत नाही. मुदत संपण्याआधीच त्यांची व्यवस्था विचारून घ्या. त्यासाठी लॉगच्या प्रत्येक ओळीत वर्कफाइलचा क्रमांक लिहून ठेवा. राज्याच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नसेल तर निदान स्वतःच्या प्रतीत तरी.