क्वांटम शिकायचं तर आधी पोलरॉइड फिरवा

क्वांटम मेकॅनिक्सचा, म्हणजे अणू-प्रकाशकणांच्या भौतिकशास्त्राचा पाया घालणाऱ्या हायझेनबर्गच्या १९२५ च्या शोधनिबंधाला शंभर वर्षं झाली म्हणून २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं. आपल्याकडे त्याआधीच, एप्रिल २०२३ मध्ये, केंद्राने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली होती. तेव्हापासून क्वांटम हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. लातूर, बीड, परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींनाही तो ऐकू येतो आणि त्यांच्या मनात खरं कुतूहल जागं होतं. मग तृतीय वर्षाला तो विषय समोर येतो आणि दोन महिन्यांत त्याचं डेरिव्हेशन होऊन जातं. श्रोडिंजरचं समीकरण, पेटीतला कण, हायड्रोजनचा अणू. पेटीतल्या कणाची ऊर्जा परीक्षेत न चुकता काढून दाखवणारी मुलगी असते. पण ‘तुझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये क्वांटम मेकॅनिक्स कुठे आहे?’ असं विचारलं की ती गप्प होते. दोष तिचा नाही. थिअरीचा तास आणि प्रॅक्टिकल यांची गाठ आपण घालूनच देत नाही.

मला हे मनापासून खटकतं, कारण ती गाठ घालायला लागणारं सामान बहुतेक कॉलेजांच्या कपाटात आधीपासून आहे. प्रकाशशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये मालसच्या नियमाचा प्रयोग असतो. दोन पोलरॉइड (प्रकाशाच्या कंपनाची एकच दिशा, म्हणजे ध्रुवण, पुढे सोडणाऱ्या फिल्म), एक दिवा, एक फोटोसेल, एक मायक्रोॲमीटर. एक पोलरॉइड फिरवायचा, दर दहा अंशांना रीडिंग घ्यायचं, दोन पोलरॉइडमधल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाशी आलेख काढायचा, सरळ रेषा आली की सही. मालसने हा नियम दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडला, म्हणून तो ‘जुन्या’ भौतिकशास्त्रात मोडतो आणि प्रयोग तिथेच संपतो. माझ्या मते पदवीच्या क्वांटम मेकॅनिक्सची सुरुवात याच टेबलावर व्हायला हवी, पेटीतल्या कणाच्याही आधी.

दोन पोलरॉइड एकमेकांना काटकोनात धरा. पलीकडे अंधार. आता त्या दोघांच्या मध्ये तिसरा पोलरॉइड ४५ अंशांत सरकवा. उजेड येतो! प्रकाश अडवणारी एक वस्तू वाढवली आणि प्रकाश वाढला. दिव्याच्या मूळ प्रकाशाचा अर्धा भाग पहिल्यातून जातो, त्याच्या निम्मा मधल्यातून, त्याच्याही निम्मा शेवटच्यातून, म्हणजे आदर्श पोलरॉइड असतील तर एक अष्टमांश प्रकाश पलीकडे पोचतो. मध्ये एकाऐवजी नऊ पोलरॉइड घातले आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा नऊ अंशांनी वळवला, तर पहिल्यातून गेलेल्या प्रकाशापैकी सुमारे ७८ टक्के पलीकडे जातो. (बाजारातले पोलरॉइड थोडा प्रकाश स्वतःच खातात, तेव्हा प्रत्यक्ष आकडा कमी भरतो.) जुन्या कॅल्क्युलेटरच्या एलसीडी पडद्यावरची फिल्म काढूनही हा प्रयोग होतो.

इथे हुशार विद्यार्थी हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. ‘सर, हे तर तरंगांनीही समजावता येतं. विद्युतक्षेत्राचा घटक काढायचा, त्याचा वर्ग करायचा. यात क्वांटम काय?’ तरंगांचं गणित इथे पुरतं, हे मान्यच करायचं. अडचण येते ती प्रकाश मोजून, एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, करून पाठवला तर. तरंग अर्धा जाऊ शकतो, फोटॉन अर्धा जात नाही. पलीकडचा डिटेक्टर एक तर टिक करतो किंवा करत नाही. उभ्या ध्रुवणाचा फोटॉन ४५ अंशांच्या पोलरॉइडवर आला, तर तो जाईल का? उत्तर फक्त संभाव्यतेत देता येतं. ४५ अंशांचा कोसाइन ०.७०७, त्याचा वर्ग ०.५, म्हणजे जाण्याची शक्यता निम्मी. दहावीच्या त्रिकोणमितीत क्वांटम मेकॅनिक्सचा मूळ नियम आला: आधी घटक, मग वर्ग, तीच संभाव्यता. वेव्ह फंक्शनच्या (कणाची अवस्था सांगणाऱ्या गणिती फलनाच्या) वर्गाचं पुस्तकात जे सांगतात, ते हेच.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. त्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण थिअरी शिकलेल्यांचाही घोटाळा इथेच होतो.

४५ अंशांतला फोटॉन हे ‘उभा’ आणि ‘आडवा’ या दोन अवस्थांचं सुपरपोझिशन आहे, असं आपण वहीत लिहितो. बरेच जण याचा अर्थ असा घेतात की निम्मे फोटॉन मुळात उभे असतात, निम्मे आडवे, आणि कोणता कसा ते आपल्याला ठाऊक नसतं. तसं नाही. मराठवाड्याचा नकाशा घ्या. लातूरहून परभणी साधारण उत्तरेला आहे, उदगीर पूर्वेला आणि नांदेड जवळपास बरोबर ईशान्येला. शंभर गाड्या लातूरहून निघाल्या. पन्नास परभणीला गेल्या, पन्नास उदगीरला. हे झालं मिश्रण. दुसऱ्या दिवशी शंभरच्या शंभर नांदेडला गेल्या. ईशान्य ही दिशा उत्तर आणि पूर्व यांच्या समान घटकांची आहे, पण म्हणून पहिल्या दिवशी नांदेडला एकही गाडी पोचलेली नव्हती, हे काही बदलत नाही. ४५ अंशांचा फोटॉन म्हणजे नांदेडची गाडी. त्याला स्वतःची एक ठाम दिशा आहे, फक्त ती उभी-आडवी या दोन नावांत मावत नाही.

फरक प्रयोगाने कसा ओळखायचा? एकीकडे साधा बल्ब ठेवा. त्याचा प्रकाश म्हणजे सगळ्या दिशांचं मिश्रण. दुसरीकडे एलसीडी मॉनिटरचा पांढरा पडदा ठेवा. त्याचा प्रकाश एकाच दिशेत ध्रुवित असतो, आणि काही मॉनिटरांत ती दिशा ४५ अंशांची असते. नसेल तर ४५ अंशांतला एक पोलरॉइड पडद्यासमोर धरायचा. आता हातातला पोलरॉइड उभा धरा, रीडिंग घ्या. आडवा धरा, रीडिंग घ्या. दोन्ही प्रकाशांत उभं आणि आडवं रीडिंग सारखंच येईल. एवढ्यावर थांबलात तर दोन प्रकाशांत काहीही फरक नाही असंच वाटेल. मग पोलरॉइड ४५ अंशांत फिरवा. बल्बच्या रीडिंगमध्ये काही हालचाल नाही. मॉनिटरचा प्रकाश मात्र एका बाजूच्या ४५ अंशांत पुरा जातो आणि दुसऱ्या बाजूच्या ४५ अंशांत जवळजवळ विझतो.

म्हणजे उभ्या-आडव्याच्या एका प्रश्नाने अवस्था कळत नाही, तिरका प्रश्नही विचारावा लागतो. थिअरीच्या पुस्तकात ‘बेसिस बदलणे’ नावाने जे येतं, ते हाताने पोलरॉइड वळवणं आहे. मोजल्यावर अवस्था बदलते, तेही याच टेबलावर दिसतं: ४५ अंशांच्या पोलरॉइडमधून गेलेल्या फोटॉनला आपण मुळात उभे होतो याची काही खूण उरत नाही, म्हणून तर तीन पोलरॉइडांच्या प्रयोगात शेवटी उजेड आला. ज्याला हे कळलं त्याला पुढे इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगभूत चुंबकीय गुण), चुंबकाने अणूंचा झोत दोन भागांत विभागणारा १९२२ चा स्टर्न-गेरलाख प्रयोग, क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा एकक क्यूबिट हे सगळं दोन घटकांच्या त्याच गणिताने कळतं. जे जमतं ते आधी, अवकल समीकरणं नंतर, असा क्रम हवा.

फोटॉन खरंच फुटत नाही, हे कशावरून? त्यासाठी आधी एकेक फोटॉन पाठवता यायला हवा. १९०९ मध्ये केंब्रिजला जी. आय. टेलर यांनी काजळलेल्या काचांनी प्रकाश इतका मंद केला की एका छायाचित्राला सुमारे २००० तास लागले. सुईच्या सावलीभोवतीचे विवर्तनाचे (प्रकाश कडेला वळल्याने होणारे) पट्टे तरीही तसेच उमटले. याचं गणित आपल्या मुलांना प्रॅक्टिकलमध्येच करायला लावावं. एक मिलिवॉटचा, ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज फोटॉन सोडतो. एक मीटरची पेटी ओलांडायला प्रकाशाला ३.३ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी पेटीत एक कोटीहून अधिक फोटॉन असतात. पेटीत सरासरी शंभरातला एक फोटॉन उरावा असं वाटत असेल, तर प्रकाश अब्जपट मंद करावा लागेल.

पण प्रकाश मंद केला म्हणजे एकेक फोटॉन मिळाला, असं नाही. लेसरचे फोटॉन एकमेकांची वाट न पाहता येतात, कधी एकटे, कधी जोडीने. प्रकाश कितीही मंद केला तरी जोड्यांचं प्रमाण निव्वळ योगायोगाने जितकं असावं तितकंच राहतं. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये ग्रँजिए, रोजे आणि आस्पे यांनी ही अडचण सोडवली. कॅल्शियमचा अणू लागोपाठ दोन फोटॉन सोडतो. पहिला आला की दुसरा येतोय असं समजायचं आणि त्या दुसऱ्याला अर्धपारदर्शक आरशावर पाठवायचं. आरशाच्या दोन बाजूंना दोन डिटेक्टर. दोन्ही एकाच वेळी वाजण्याचं प्रमाण योगायोगाच्या हिशेबापेक्षा खूप खाली आलं. आणि तेच फोटॉन इंटरफेरोमीटरमधून (प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणणाऱ्या यंत्रातून) पाठवले, तर दोन वाटांच्या तरंगांच्या मिलाफाचे, म्हणजे व्यतिकरणाचे पट्टे दिसले. फुटत नाही आणि तरीही दोन वाटांचा हिशेब लागतो. आस्पे यांना पुढे २०२२ चं नोबेल पारितोषिक मिळालं, ते गुंतलेल्या फोटॉनांवरच्या कामासाठी. आज हा प्रयोग ४०५ नॅनोमीटरच्या लेसरने आणि एका स्फटिकाने ८१० नॅनोमीटरचे जोडफोटॉन बनवून पदवीच्या वर्गातही करतात, पण त्याचं सामान लाखोंच्या घरात जातं. ते प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजला आज परवडणार नाही. एखाद्या विद्यापीठात एक संच असावा आणि आसपासच्या कॉलेजच्या मुलांनी तिथे येऊन तो हाताळावा, एवढं मात्र नक्की होऊ शकतं.

हे शिकवणं का गरजेचं आहे, याचं एक कारण बाजारात फिरतं आहे. ‘क्वांटम ॲनालायझर’ नावाचं यंत्र घेऊन लोक आरोग्य शिबिरं भरवतात. हातात एक धातूची दांडी धरायची, मिनिटभरात यकृतापासून जीवनसत्त्वांपर्यंत सगळ्याचा छापील रिपोर्ट. हातात दांडी धरून रक्तातलं क्रिएटिनिन कळेल असं क्वांटम मेकॅनिक्समध्ये काहीही नाही. ते रक्त तपासूनच कळतं. त्या रिपोर्टवर विसंबून कुणी मधुमेहाची गोळी बंद केली तर जीवावर बेतेल. ‘क्वांटम ऊर्जे’च्या लॉकेटांची गोष्ट त्याहून वाईट. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेला २०२१ मध्ये अशा काही वस्तूंत चक्क किरणोत्सारी द्रव्य सापडलं आणि त्या वापरू नका असा इशारा द्यावा लागला. ज्या मुलीने पोलरॉइड फिरवून रीडिंग घेतलं आहे, ती अशा माणसाला विचारेल: तुम्ही नेमकं काय मोजता आणि कशाने मोजता?

एलईडीवरून प्लांकचा स्थिरांक (फोटॉनची ऊर्जा आणि वारंवारता यांना जोडणारा आकडा) काढण्याच्या प्रयोगाबद्दल थोडंसंच. लाल एलईडी कमी व्होल्टेजला पेटतो, निळा जास्त व्होल्टेजला, यावरून फोटॉनची ऊर्जा रंगावर ठरते हे छान दिसतं. पण ‘डोळ्याला उजेड दिसला’ ते व्होल्टेज घेऊ नये, कारण डोळा सगळ्या रंगांना सारखा संवेदनशील नाही. विद्युतधारेचा आलेख काढून त्यावरून घ्यावं, आणि ६.६२६ हाच आकडा यावा म्हणून रीडिंग मागून जुळवू नयेत. ५.८ आला तर ५.८ लिहावा आणि का आला यावर व्हायवात बोलावं, तेही मराठीत. बारावीपर्यंत मराठीत विचार केलेल्या मुलाला टेबलापाशी मराठीत वाद घालू दिला, की इंग्रजीतलं डेरिव्हेशन त्याला पाठ करावं लागत नाही.

आणखी एक यंत्र बऱ्याच प्रयोगशाळांत असतं: किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर. त्यावर ‘काउंटिंग स्टॅटिस्टिक्स’ हा प्रयोग मुलं कंटाळून करतात. दहा हजार काउंट मोजले तर दर वेळी साधारण शंभरचा चढउतार होतो, म्हणजे वर्गमुळाइतका. मंद लेसरमधले फोटॉन याच नियमाने येतात. आता औंढा नागनाथकडे पाहा. हिंगोली जिल्ह्यातल्या या तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. तिच्या सुमारे २६०० कोटींच्या खर्चाला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान बदल टिपायची ईर्षा. यंत्राचा गाभा म्हणजे आपल्या प्रॅक्टिकलमधला मायकेलसनचा इंटरफेरोमीटरच, आणि त्याला आड येणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे फोटॉनच्या संख्येतला हाच वर्गमुळाचा चढउतार. अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांत २०१९ पासून त्यावर ‘स्क्वीझ्ड’ प्रकाशाचा उपाय वापरतात: हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा नियम मोडता येत नाही, पण प्रकाशाच्या कलेतली (फेजमधली) अनिश्चितता कमी करून ती तीव्रतेत ढकलता येते. गायगर काउंटरचा तक्ता भरून झाल्यावर मुलांना याच पानावर एक प्रश्न सोडवायला द्यावा: लेसर चौपट प्रखर केला, तर या चढउताराचं एकूण संख्येशी असलेलं प्रमाण किती पटीने कमी होईल?