‘त्याला काय कळतंय?’ कळतं, बोलायला लागण्याआधीच

‘लहान मुलांना काही कळत नसतं, त्यांच्याशी मोठ्यांसारखं आदराने बोललात तर ती डोक्यावर बसतील.’ हा सल्ला कित्येक वर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण मूल उत्तर देत नाही, म्हणजे त्याला समजत नाही, असं वाटणं साहजिक आहे.

पण समज आणि बोलणं एकदम येत नाहीत. पहिला शब्द साधारण 12व्या महिन्याच्या आसपास फुटतो. ओळखीच्या काही शब्दांचे अर्थ मात्र 6 ते 9 महिन्यांच्या बाळालाही लागू लागतात. घरीच पडताळा. वर्षाच्या मुलासमोर दोन-तीन ओळखीच्या वस्तू ठेवा आणि विचारा, ‘चेंडू कुठाय?’ बोट दाखवू नका, चेंडूकडे बघूही नका (हेच आपल्याला जमत नाही). मुलाची नजर कुठे वळते ते पाहा. एका वेळेवरून ठरवू नका; जागा बदलून चार-पाचदा विचारा.

राहिलं डोक्यावर बसणं. आदर म्हणजे होकार नव्हे. ‘तुला अजून खेळायचंय, कळलं मला. पण आता झोपायची वेळ झाली.’ यात नकार ठाम आहे, फक्त अपमान नाही. मूल तरीही रडेल कदाचित. रडू द्या, नियम तोच ठेवा.

लाडिक, चढा सूर मात्र खुशाल ठेवा, तान्ह्या बाळांचं लक्ष त्याकडे जास्त जातं. खटकतं ते वेगळंच: मूल शेजारी उभं असताना ते तिथे नसल्यासारखं त्याच्या फजितीवर चारचौघांत हसणं.